पायदळाला विमानांची मदत: लोंगेवाला, छांब आणि कारगिल

सांडणीस्वार

लोंगेवालाची लढाई विमानांनी जिंकली आणि कारगिलच्या टेकड्या पायदळाने, असं सर्रास बोललं जातं. दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. खालचं सैन्य आणि वरचं विमान यांच्यात काय जुळलं आणि काय जुळलं नाही, हे पाहिल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही. म्हणून हा धागा. सुरुवात लोंगेवालापासून करतो.

४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या मधली रात्र. राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला चौकीवर २३ पंजाबची एक कंपनी, म्हणजे सुमारे १२० जवान, कंपनी कमांडर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. समोरून पाकिस्तानची ५१ वी ब्रिगेड आली आणि तिच्यासोबत रणगाडे. त्यात २२ कॅव्हलरीचे टी-५९ होते आणि जुने शर्मनही. कंपनीकडे रणगाड्यांविरुद्ध मुख्य हत्यार होतं जीपवरच्या १०६ मिमी रिकॉइललेस (झटका न देणाऱ्या हलक्या) तोफांचं. जैसलमेरच्या तळावर हंटर विमानं होती, पण रात्री जमिनीवरचं लक्ष्य शोधायची साधनं त्यांच्यावर नव्हती. त्यामुळे उजाडेपर्यंत चौकी एकटी होती.

ही रात्र लोक पटकन ओलांडून जातात, आणि नेमकी तीच मुद्द्याची आहे. चौकीभोवतालच्या काटेरी तारा पाहून पुढच्या रणगाड्यांना वाटलं की इथे सुरुंग पेरलेत. ते थांबले आणि सुरुंग शोधायला माणसं पुढे बोलावली. त्यात वेळ गेला. वाळूत रस्ता सोडून चालताना गाड्या रुतल्या, इंजिनं तापली. उजाडलं तेव्हा रणगाडे चौकीच्या आसपास उघड्यावर होते. मागे फिरायला उशीर झालेला, पुढे जायला वाट नाही. कंपनी रात्रीच चौकी सोडून निघून गेली असती तर ही फौज सकाळी रामगडच्या वाटेवर पसरलेली सापडली असती, आणि मग हंटरना एवढ्या कमी जागेत एवढी लक्ष्यं मिळाली नसती.

नांगरट

वाचतेय. एक प्राथमिक प्रश्न. रणगाड्याचं चिलखत इतकं जाड असताना विमानाच्या तोफेचा ३० मिमी गोळा त्याला काय करणार?

सांडणीस्वार

नांगरट, चिलखत सगळीकडे सारखं जाड नसतं. टी-५९ च्या धडाला समोरून १०० मिमीचा पत्रा आहे, तोही तिरका. वरच्या बाजूला, विशेषतः मागच्या इंजिनाच्या झाकणावर, तो साधारण २०–३० मिमी. शिवाय तिथे हवेसाठी जाळ्या असतात. जमिनीवरची तोफ रणगाड्याची जाड बाजू बघते, विमान पातळ बाजू बघतं.

दुसरी गोष्ट इंधनाची. लांबच्या मजलेसाठी रणगाड्यांच्या पाठीवर जादा पिंपं बांधलेली होती. पिंप पेटलं की जळतं डिझेल इंजिनाच्या जाळीतून आत उतरतं. रणगाडा फुटलाच पाहिजे असं नाही. पेटला की माणसं बाहेर पडतात आणि तो कामातून जातो.

हंटरच्या नाकाखाली चार एडन तोफा असतात. प्रत्येकीचा वेग मिनिटाला १२०० गोळ्यांच्या आसपास, म्हणजे चारही मिळून सेकंदाला सुमारे ८०. प्रत्येक तोफेला साधारण १५० गोळ्या. हिशेब केला तर सगळा साठा सात-आठ सेकंदांत संपतो. म्हणून वैमानिक अर्ध्या सेकंदाचे फटके मारतो. एका झेपेत ४० गोळ्या, की वर. सोबत टी-१० रॉकेटं होती.

माळरान

वर जे आलंय त्याला अनुमोदन, एका गोष्टीची भर घालतो. जैसलमेर ते लोंगेवाला सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर. मिनिटाला १२ किलोमीटर धरले तरी आठ-नऊ मिनिटांत विमान लक्ष्यावर. विमानं मोजकीच होती, पण अंतर कमी असल्यामुळे एक जोडी वर असताना दुसरी खाली इंधन आणि दारूगोळा भरत असे, आणि हे दिवस मावळेपर्यंत चाललं. विमानांची संख्या सगळेच मोजतात. मोजायचं असतं ते एक विमान दिवसात किती वेळा परत येऊ शकतं हे. तळ ४०० किलोमीटर लांब असता तर याच विमानांनी जेमतेम तिसरा हिस्सा काम केलं असतं.

आणि टेहळणीचं विमान कृषक विसरू नका. मेजर आत्मासिंग त्या छोट्या, संथ, नि:शस्त्र विमानातून वर घिरट्या घालत होते आणि हंटरना लक्ष्य दाखवत होते. ताशी ७०० च्या वेगात खाली पाहणाऱ्याला वाळूतला स्थिर रणगाडा उशिरा दिसतो. कोवळ्या उन्हात लांब सावल्या पडतात आणि चाकोऱ्या उठून दिसतात तोवर सोपं असतं. दुपारी सावली आखडली, धूर आणि धूळ चढली की कठीण. अशा वेळी संथ विमानातला माणूसच कामी येतो.

देवगिरी

लोंगेवालात विरोधी विमानं जवळजवळ नव्हतीच, हेही लिहायला हवं. त्या भागासाठीचा जेकबाबादचा तळ पाकिस्तानी वायुदलाने कार्यान्वित केला नव्हता, त्यामुळे ब्रिगेडला वरून संरक्षण मिळालं नाही. आकाश मोकळं असताना उघड्या वाळवंटातल्या रणगाड्यांवर मारा करणं ही हवाई मदतीची सर्वांत अनुकूल परिस्थिती आहे. तिच्यावरून सर्वसाधारण नियम काढू नये. उलट उदाहरण छांबचं.

१ सप्टेंबर १९६५. पहाटेपासून पाकिस्तानी तोफखाना आणि रणगाडे जम्मूच्या सीमेवरच्या छांबमध्ये घुसत होते. विमानं वापरायची परवानगी मागायला लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि वायुदलप्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांकडे गेले तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. त्यांनी काही मिनिटांत होकार दिला, आणि त्या निर्णयाचं मोल मी अजिबात कमी करत नाही. तासा-सव्वा तासात पठाणकोटहून पहिली विमानं उडाली. पण ती होती व्हँपायर. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस घडवलेली, संथ. त्या संध्याकाळी चार व्हँपायर पडली. त्यानंतर ती आघाडीवरून काढून घ्यावी लागली.

विमानं जुनी होती हे खरं, पण त्याहून वाईट म्हणजे जमिनीवरून दिशा देणारं कोणी नव्हतं. उजेड उतरत चाललेला, खाली दोन्ही बाजूंचे रणगाडे एकमेकांत मिसळलेले, आणि वैमानिकाला आपली आघाडी त्या क्षणी कुठे आहे ते सांगणारा आवाज रेडिओवर नाही. आपल्याच सैन्यावरही मारा झाला. तरी शत्रूचा वेग त्या संध्याकाळी मंदावला हे मान्य करावंच लागेल.

नांगरट

मग हा दिशा देणारा माणूस नक्की करतो काय? नकाशावरचा क्रमांक सांगितला की काम झालं ना?

देवगिरी

नुसत्या क्रमांकावर कधीच भागत नाही. त्या माणसाला फॉरवर्ड एअर कंट्रोलर म्हणतात, बोलताना फॅक. आपल्याकडे हा वायुदलाचा अधिकारी पायदळासोबत असतो. उलट बाजूला लष्कराचा अधिकारी हवाई तळावर बसतो, तो ग्राउंड लायझन ऑफिसर. वैमानिकाला निघण्याआधी जमिनीवरची परिस्थिती लष्कराच्या भाषेत समजावणं हे त्याचं काम. मधे कोअरच्या मुख्यालयाशेजारी टॅक्टिकल एअर सेंटर, जिथे मागण्या येतात आणि कोणती आधी ते ठरतं. ही साखळी जितकी लांब तितकी मदत शिळी.

फॅकने द्यायची माहिती बहुतेक सैन्यांत ठरलेल्या क्रमाने असते. नाटो देशांत ती नऊ ओळींची. सुरुवातीचा बिंदू, तिथून लक्ष्याची दिशा, अंतर, लक्ष्याची समुद्रसपाटीपासून उंची, लक्ष्य काय आहे, ते कुठे आहे, खूण कशाची केली आहे, आपले लोक कोणत्या दिशेला किती अंतरावर, आणि मारा करून बाहेर कसं पडायचं. क्रम ठरलेला, कारण वैमानिक गुडघ्यावरच्या पॅडवर तो लिहून घेतो. उंची, जागा आणि निर्बंध तो परत म्हणून दाखवतो. परत म्हणताना एक आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

यातली लक्ष्याची उंची ही ओळ नवख्यांना किरकोळ वाटते. पण बॉम्ब कधी सोडायचा याचं गणित विमान लक्ष्याच्या किती वर आहे यावर असतं. उंचीत १०० मीटर चूक झाली की बॉम्ब तितक्याच बेतात पुढे किंवा मागे पडतो. सपाट मुलखात हे खपतं, डोंगरात नाही.

धुराच्या खुणेचाही एक नियम आहे. खालच्याने रंग आधी सांगायचा नाही. धूर सोडायचा, वैमानिकाने आपणहून "लाल दिसतोय" असं सांगायचं, मग खालच्याने "बरोबर" म्हणायचं. आधीच रेडिओवर "लाल सोडतोय" म्हटलं आणि शत्रू ऐकत असला तर तोही लाल सोडतो.

तोफेचा आवाज

देवगिरींच्या प्रतिसादात एक भर. मारा करण्याची दिशा आपल्या आघाडीला समांतर ठेवतात. बॉम्बची चूक डावीउजवीकडे कमी आणि उड्डाणाच्या रेषेत पुढेमागे जास्त असते. आपल्या डोक्यावरून शत्रूकडे जाणारं विमान बॉम्ब लवकर सोडून बसलं तर तो आपल्यावर. शत्रूकडून आपल्याकडे येणारं उशीर करून बसलं तरी आपल्यावर. आघाडीला समांतर गेलं तर चुकलेला बॉम्बही शत्रूच्याच पट्ट्यात पडतो.

तोफखाना आणि विमानं एकाच आकाशात असतात हाही मुद्दा आहे. डोंगरामागे मारा करायला १५५ मिमीची तोफ उंच कोनात लावतात आणि तिचा गोळा बराच वर जाऊन मग खाली येतो. त्या कमानीतून विमान न्यायचं नाही. मग एक तर वेळ वाटून घ्यायची, म्हणजे अमुक मिनिट ते तमुक मिनिट तोफा बंद. किंवा जागा वाटून घ्यायची, म्हणजे विमान दरीच्या या अंगाने, गोळे त्या अंगाने. वेळ वाटण्यात तोटा असा की तोफा गप्प झाल्या की शत्रूला कळतं, आता विमान येणार, आणि तो खांद्यावरचं क्षेपणास्त्र घेऊन बाहेर येतो.

सांडणीस्वार

इथून कारगिलकडे वळायला हरकत नाही. २६ मे १९९९ ला ऑपरेशन सफेद सागर, म्हणजे कारगिलमधली हवाई मोहीम, सुरू झालं. वायुदलप्रमुख होते एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस. पहिल्या तीन दिवसांचा हिशेब जड आहे. २१ मे लाच टेहळणीच्या कॅनबेराला क्षेपणास्त्र लागलं होतं, ती एका इंजिनावर परत आली. २७ ला मिग-२७ मधून फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांना उडी टाकावी लागली, आणि त्यांना शोधताना स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांचं मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडलं. आहुजा गेले. २८ ला एमआय-१७ पडलं, आतले चौघे गेले.

हे का झालं ते माळरान नीट सांगतील.

माळरान

प्रयत्न करतो. सगळ्याच्या मुळाशी विरळ हवा आहे.

पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के. विमानाला पंखाखाली तेवढाच दाब मिळवायला प्रत्यक्षात सुमारे २९ टक्के जास्त वेगाने जावं लागतं. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. खाली ताशी ७२० किलोमीटरने, ४ जीचं (अंगावर वजनाच्या चौपट भार येणारं) वळण घेताना जी त्रिज्या एक किलोमीटरपेक्षा थोडी जास्त असते ती इथे पावणेदोन किलोमीटर होते. आता दरी तेवढीच, समोर नियंत्रण रेषा, आणि ती कोणत्याही परिस्थितीत ओलांडायची नाही असा सरकारचा स्पष्ट आदेश. लक्ष्य कड्याच्या पलीकडच्या उतारावर असेल तर त्याच्याकडे सोयीच्या दिशेने जाताच येत नाही.

मिग-२७ चं इंजिन रॉकेटं सोडल्यावर बंद पडलं. रॉकेटांचा गरम, प्राणवायू नसलेला धूर इंजिनाच्या हवेच्या तोंडातून आत गेला की हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा प्रवाह तुटतो. खालच्या उंचीवर इंजिनाला सावरायला वाव असतो, तिथे तो फारच थोडा.

एमआय-१७ चं आणखी वेगळं. ५७ मिमी रॉकेटांचे पॉड, एकेकात ३२ रॉकेटं, लावून ती तोलोलिंगच्या बाजूला मारा करत होती. हेलिकॉप्टरला त्या उंचीवर चपळाई उरत नाही, आणि पडलेल्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर (जळते गोळे) टाकायची यंत्रणा नव्हती. उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवायला तेच एक साधन असतं. त्या दिवसानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरं माऱ्याच्या कामातून काढली. योग्य निर्णय. पुढे हलकं लढाऊ हेलिकॉप्टर प्रचंड, जे २०२२ मध्ये जोधपूरला सेवेत आलं, ते पाच हजार मीटरवर उतरू-उडू शकेल अशा बेताने घडवलं, त्याची मुळं इथे आहेत.

मग विमानं वर गेली. किती वर, याचं गणित सरळ आहे. स्टिंगर हे खांद्यावरचं क्षेपणास्त्र सोडणाऱ्याच्या साधारण साडेतीन-पावणेचार किलोमीटर वर पोचतं. सोडणारा बसलाय पाच हजार मीटरवर. म्हणजे सुरक्षित उंची नऊ हजार मीटरच्या आसपास, सुमारे तीस हजार फूट. तिथून साधा बॉम्ब टाकायचा.

तोफेचा आवाज

आणि तिथून साधा बॉम्ब टाकला की काय होतं ते डोळ्यासमोर आणा. समोर सुरीच्या पात्यासारखी धार, वीस-तीस मीटर रुंद. तिच्यावर दगड रचून केलेला सांगर, आत चार माणसं आणि एक मशीनगन. चांगल्या वैमानिकाचा बॉम्ब त्या उंचीवरून ६०–७० मीटर चुकला तर तो उत्तम नेम म्हणायचा. सपाट मैदानात २५० किलोच्या बॉम्बला ६० मीटर म्हणजे लक्ष्याला चांगलाच हादरा. इथे ६० मीटर पुढे म्हणजे धारेच्या पलीकडे, तीनशे मीटर खाली दरीत. सांगरमधल्या माणसाला फक्त आवाज येतो. जवळ पडला तरी भुसभुशीत बर्फात रुतून फुटला तर किरचा तिथेच जिरतात. फ्यूज ताबडतोब फुटणारा लावला नसेल तर हे हमखास होतं.

नांगरट

हे वाचून अंगावर काटा आला. मग वायुदलाच्या मिराज विमानांनी वेगळं काय केलं?

माळरान

दोन गोष्टी, आणि माझ्या मते पहिली जास्त महत्त्वाची.

पहिली, लक्ष्य बदललं. १७ जून ला बटालिक भागातल्या मुंथो ढालोवर मारा झाला. ते घुसखोरांचं रसद साठवण्याचं ठिकाण. तंबू, साठे, माणसं, सगळं एका जागी. बॉम्ब साधेच होते. पण लक्ष्य पसरट आणि मऊ असल्याने ५०–६० मीटरची चूक चालून गेली. कड्यावरच्या माणसाला रोज पाणी, अन्न, दारूगोळा खालून वर यावा लागतो. तो साठा जळाला की सांगरमधला माणूस काही दिवसांत हतबल होतो. पायदळाला जवळून दिलेली मदत आणि मागची रसद तोडणं हे दोन वेगळे प्रकार आहेत. कारगिलमध्ये दुसरा जास्त फळला.

दुसरी गोष्ट, लेझरवर चालणारा बॉम्ब. २४ जून ला टायगर हिलवर मिराजने तो टाकला. १००० पौंडी बॉम्बला पुढे लेझर शोधणारं डोकं आणि मागे पंख बसवायचे, आणि विमानाखाली लायटनिंग पॉड. पॉडमधून लक्ष्यावर लेझरचा ठिपका धरायचा, बॉम्ब त्या ठिपक्याकडे वळत जातो. त्या उंचीवरून बॉम्ब पडायला साधारण अर्धा मिनिट लागतं. ते संपूर्ण अर्धा मिनिट, निदान शेवटचा भाग तरी, ठिपका हलता कामा नये. मधे ढगाचा तुकडा आला की बॉम्ब आंधळा. म्हणून हवामान नसेल तर विमान बॉम्ब घेऊन परत.

अजून एक बारीक गोष्ट. लेझरचे ठोके ठरावीक संकेतात असतात, आणि या पिढीच्या बॉम्बवर तो संकेत उड्डाणाआधी जमिनीवरच हाताने लावावा लागतो. पॉडमध्ये एक आकडा आणि बॉम्बच्या डोक्यावर दुसरा असेल तर लाखमोलाचा बॉम्ब साध्या बॉम्बसारखा पडतो. शस्त्रं बसवणाऱ्या तंत्रज्ञाने लावायचा, दुसऱ्याने वाचायचा, वैमानिकाने चालून जाऊन स्वतः बघायचा.

देवगिरी

असे बॉम्ब सगळ्या युद्धात अगदी मोजकेच वापरले गेले, हेही सोबत सांगायला हवं. तोफखान्याने अडीच लाखांच्या वर गोळे, रॉकेटं आणि उखळी गोळे डागले. टायगर हिल ४ जुलैला चढून घेतली ती पायदळाने, बोफर्सच्या माऱ्याच्या आडून. तोलोलिंग १३ जूनला हाती आलं तेव्हा लेझर बॉम्ब अजून वापरात आलेही नव्हते. त्यामुळे "मिराजने कारगिल जिंकलं" हे मला पटत नाही.

माळरान

पटत नसेल तर हरकत नाही, तसं मी म्हणतही नाहीये. पण तोफेला कड्याच्या पलीकडचा उतार दिसत नाही. टेहळणीची छायाचित्रं नसती तर कोणत्या धारेवर किती सांगर आहेत हे तोफखान्यालाही कळलं नसतं. विमानाने न टाकलेला बॉम्बही मोजायला हवा.

तोफेचा आवाज

छायाचित्रांवरून एक तांत्रिक खोच. आपले जुने लष्करी नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर) आधारलेले, आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर. कारगिलच्या अक्षांशावर एकाच आकड्याची जागा या दोन पद्धतींत शंभर मीटरहून जास्त सरकते. नकाशावरून काढलेले अक्षांश-रेखांश रूपांतर न करता जीपीएसमध्ये भरले तर बॉम्ब ना सांगरवर, ना धारेवर. मिग-२१ च्या वैमानिकांनी त्या युद्धात हातात धरायचं जीपीएस आणि घड्याळ घेऊन रात्री बॉम्ब टाकले, म्हणून हा मुद्दा पुस्तकी नाही. आजही लक्ष्य सांगताना आकड्याबरोबर तो कोणत्या पद्धतीचा ते सांगितलंच पाहिजे.

नांगरट

शेवटचा प्रश्न. आता ड्रोन आले. फॅकची गरज संपली का?

सांडणीस्वार

लक्ष्य बघायचं काम पुष्कळसं ड्रोनने घेतलं. युक्रेनमध्ये तर तोफेचा नेम दुरुस्त करण्यापासून रणगाड्याच्या उघड्या झाकणात बॉम्ब टाकण्यापर्यंत सगळं तेच करतायत. १९७१ मध्ये कृषकने जे केलं तेच काम, फक्त माणूस खाली बसलाय.

पण चित्रात शत्रू दिसतो, आपली तुकडी पाच मिनिटांनी कुठे पोचणार ते दिसत नाही. ते पायदळाच्या कमांडरलाच ठाऊक असतं. आणि ड्रोनचा दुवा जॅम केला की चित्र जातं, तेव्हा रेडिओवर शांतपणे दिशा, अंतर, उंची सांगणारा माणूस लागतोच. त्यामुळे नऊ ओळी पाठ असलेला अधिकारी पुढच्या तुकडीसोबत राहील. त्याच्या हातात दुर्बिणीबरोबर एक पडदाही असेल, एवढाच बदल.